हजार-बाराशेचे बड्स: गाणं ठीक वाजतं, गोची पुढे आहे

हजार-बाराशे रुपयांत मिळणारे बिनतारी बड्स गाणी ऐकायला वाईट नसतात. १० किंवा १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आतला चिमुकला स्पीकर, आता स्वस्त झालाय. बेस जरा जास्त चढवलेला असतो, त्यामुळे गायक ढोलकीच्या मागे जाऊन बसल्यासारखा वाटतो. पण इक्वलायझरमध्ये ६० ते १५० हर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली ओढला की काम भागतं. खरी रड तीन ठिकाणी असते: कॉल, चार्जिंगच्या टिकल्या आणि बॅटरी. दुकानात दोन मिनिटं कानाला लावून यातलं काहीच कळत नाही. पहिली गोष्ट आठवड्यात कळते, दुसरी पावसाळ्यात आणि तिसरी वॉरंटी संपायच्या आसपास. ऑनलाइन घेतले असतील तर बदलून मिळायची मुदत बहुतेक वेळा सातच दिवसांची असते, म्हणून जे तपासायचं ते त्या आठवड्यातच.

ईएनसी म्हणजे एएनसी नव्हे

खोक्यावर 'ईएनसी' ठळक छापलेलं असतं आणि विकणारा त्याला बिनधास्त नॉइज कॅन्सलेशन म्हणतो. एएनसीमुळे तुमच्या कानात येणारा बाहेरचा गोंगाट कमी होतो. ईएनसीचा तुमच्या कानाशी संबंधच नाही. तुमच्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा यासाठी ते असतं. लोकलचा खडखडाट कमी होईल म्हणून ईएनसीवाले बड्स घेतले तर खडखडाट आहे तेवढाच राहतो. मग माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे. गर्दीच्या डब्यात गाणं स्पष्ट ऐकायला गेलं की ही पातळी कधी ओलांडली ते कळतही नाही.

समोरच्यासाठी तरी ईएनसी काम करतं का? पंख्याची घरघर, इंजिनाचा एकसुरी आवाज हे बऱ्यापैकी कापलं जातं. हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा आणि वारा मात्र आवरत नाही. माइक तोंडापासून चांगला दहा-बारा सेंटिमीटर लांब, कानापाशी. गोंगाट आणि तुमचा आवाज तिथे जवळपास सारख्याच जोराने पोचतात. चिप गोंगाट कापायला जाते आणि सोबत तुमच्या शब्दांची टोकंही कापते. 'पाण्याखालून बोलतोयस का?' हा प्रश्न त्यातूनच येतो. खोक्यावर दोन माइक लिहिलेत की चार, याने फारसा फरक पडत नाही. माइक आहेत कुठे, याने पडतो. देठवाल्या बड्समध्ये खालचा माइक निदान तोंडाकडे वळलेला असतो. बिनदेठाच्या गोळीसारख्या बड्समध्ये तोही नसतो.

तपासायचं असं. घरातल्या कुणाला तरी फोन लावा आणि तीन ठिकाणांहून बोला: बंद खोलीतून, पूर्ण वेगातल्या पंख्याखालून आणि रस्त्याकडच्या गॅलरीतून. तिन्ही वेळा तेच एक-दोन आकडे आणि तीच दोन नावं सांगा, आणि समोरच्याला परत म्हणायला लावा. नुसतं 'येतोय का आवाज?' विचारलं तर सगळे हो म्हणतात. फोनच्या रेकॉर्डरवर तपासणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: बरीच रेकॉर्डर अ‍ॅप्स बड्स जोडलेले असले तरी फोनचाच माइक वापरतात. रेकॉर्ड करताना बडवर नखाने दोनदा टकटक करा. ऐकताना ती टकटक जोरात आली तरच तो बडचा माइक.

लॅपटॉपवर आणखी एक प्रकार होतो. गाणं छान चालू असतं, मीटिंग सुरू होते आणि सगळ्यांचे आवाज जुन्या ट्रान्झिस्टरमधून यावेत तसे येऊ लागतात. बड्स बिघडलेले नसतात. ब्लूटूथ गाण्यासाठी एक वाट वापरतं आणि बडचा माइक चालू झाला की हँड्स-फ्रीची दुसरी वाट धरतं. त्या दुसऱ्या वाटेवर आवाज एकेरी (मोनो) होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घ्यायचा वेग, ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स आणि माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा. ऐकू चांगलं येतं, आणि खोली शांत असेल तर समोरच्यालाही तुमचा आवाज बहुतेक वेळा जास्त स्वच्छ जातो.

उशीर आणि तुटणं

एसबीसी किंवा एएसी कोडेकवर (ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायच्या या पद्धती) फोनमधला आवाज कानात पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. व्हिडिओ अ‍ॅप्स चित्रही तेवढंच मागे ठेवतात, म्हणून पिक्चर बघताना ओठ जुळलेले दिसतात. गेम तसं करू शकत नाही. फोनवर कीबोर्डचं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि एक पट्टी दाबा; बोट खाली गेल्यावर स्वर किती वेळाने आला ते लगेच कळतं. पेटी किंवा तबल्याचा ऑनलाइन क्लास असेल तर हे बड्स त्या कामाचे नाहीत, तिथे तारेचाच इअरफोन हवा.

'गेमिंग मोड' दाबला की उशीर कमी होतो, कारण पुढचा आवाज आधीच साठवून ठेवायची जागा लहान केली जाते. साठा कमी म्हणजे सिग्नलमध्ये जराशी खोट आली तरी आवाज तुटणार. घरी चालणारा गेमिंग मोड संध्याकाळी दादरच्या पुलावर कचरतो तो यामुळे. २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात शेकडो लोकांचे बड्स, घड्याळं आणि वाय-फाय एकाच वेळी धक्काबुक्की करत असतात.

गंमत म्हणजे रिकाम्या मैदानावरही बड्सचा आवाज तुटतो, कधी घरापेक्षा जास्त. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, आणि हा सिग्नल पाण्यात शोषला जातो. घरात तो भिंतींवर आपटून वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत पोचतो. मैदानात आपटायला काही नसतं. बऱ्याच स्वस्त जोड्यांमध्ये फोनशी एकच बड बोलतो आणि दुसऱ्याला पुढे पाठवतो. बोलणारा बड उजवा आणि फोन डाव्या मागच्या खिशात, म्हणजे मध्ये अख्खा माणूस. पहिल्या आठवड्यात मोकळ्या जागी पाच-पाच मिनिटं चाला, प्रत्येक वेळी फोन वेगळ्या खिशात. एका खिशात तुटत नसेल तर तो खिसा ठरला. चारही खिशांत तुटत असेल तर जोडी परत करा. खोक्यावरचं ब्लूटूथ ५.३ किंवा ५.४ बघून भुलू नका. आकडा मोठा म्हणून गाण्याचा दर्जा सुधारत नाही.

आणखी एक बारीक खोट. आवाज थांबला की बॅटरी वाचवायला बडमधला अ‍ॅम्प्लिफायर झोपतो आणि पुढचा आवाज आला की जागा होतो. जागा होईपर्यंत पहिला अर्धा सेकंद गिळला जातो. व्हॉइस मेसेजचा पहिला शब्द ऐकू येत नाही तो याने. टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) वापरणाऱ्या अंध व्यक्तीसाठी तर हे बड्स जवळपास निरुपयोगी ठरतात, कारण तिथे प्रत्येक बटणाचं नाव त्या पहिल्या अर्ध्या सेकंदातच असतं.

आवाजाची सगळ्यात खालची पायरीसुद्धा रात्री कानठळ्या बसवत असेल तर अँड्रॉइडवर उपाय आहे. सेटिंग्जमध्ये फोनबद्दलच्या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करा आणि बड्सची ब्लूटूथ जोडणी तोडून पुन्हा जोडा. आता बडचा आणि फोनचा आवाज वेगवेगळा लावता येतो.

खोक्यावरचे 'एकूण ४० तास' कुठे जातात

समजा बड्स ठेवायच्या डबीत ३०० एमएएचची बॅटरी आहे आणि प्रत्येक बडमध्ये ३५ ची. ३०० भागिले ७० केलं की वाटतं, बड्स चार वेळा भरतील. प्रत्यक्षात दोन-अडीच वेळा भरतात. डबीतली बॅटरी ३.७ व्होल्टची. ती ५ व्होल्टवर चढवताना पंधराएक टक्के जातात आणि ३०० चे ५ व्होल्टला उरतात साधारण १९०. बडमधलं साधं चार्जिंग सर्किट तेच ५ व्होल्ट परत खाली आणताना फरक उष्णतेत घालवतं. डबीतून काढलेला बड कोमट लागतो तो म्हणूनच. एका वेळी ७५-८० एमएएच लागतात असं धरा. एका चार्जवर सहा तास चालणारे बड्स असतील तर एकूण बेरीज वीस तासांच्या आसपास येते. तीही मध्यम आवाजात नुसती गाणी ऐकली तर. कॉलवर माइक आणि ईएनसी दोन्ही राबतात, त्यामुळे वेळ आणखी घटतो.

नव्या फोनसोबत आलेल्या सी-टू-सी केबलवर डबी चार्जच होत नाही, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की डबी खराब समजून परत पाठवण्याआधी केबल बदलून बघाच. टाइप-सी चार्जर समोर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय वीज सोडत नाही. काही डब्यांत हे काही पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. जुना चौकोनी यूएसबी तोंडाचा अडॅप्टर आणि ए-टू-सी केबल लावली की डबी निमूट चार्ज होते.

टिकल्या

बडच्या पोटाशी दोन किंवा तीन सोनेरी टिकल्या असतात आणि डबीच्या खळग्यात स्प्रिंगवाल्या पिना. स्वस्त बड्स बॅटरीआधी इथे मरतात.

चालून आल्यावर किंवा जिममधून बाहेर पडल्यावर घामेजलेले बड्स तसेच डबीत टाकले जातात. घाम म्हणजे मिठाचं पाणी. दोन-तीन मिलिमीटर अंतरावरच्या टिकल्यांमध्ये ५ व्होल्ट आणि मध्ये मिठाच्या पाण्याचा पूल, म्हणजे शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोगच. धन बाजूच्या टिकलीचा धातू झिजू लागतो. सोन्याचा मुलामा नावापुरता असतो. तो गेला की आधी काळा डाग दिसतो, मग तांब्याची हिरवट पूड. नीट बघितलं तर दोन टिकल्यांपैकी एक लख्ख आणि एक काळवंडलेली असते. नुसता मळ असता तर दोन्ही सारख्याच मळल्या असत्या. खोक्यावरचा आयपीएक्स४ इथे वाचवत नाही. तो फक्त उडालेल्या पाण्यापुरता असतो, आणि तोही बडचा. डबीला बहुतेक वेळा काहीच दर्जा नसतो. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हा सगळा प्रकार दुप्पट वेगाने होतो.

टाळायचं कसं, तर बड्स सुक्या सुती कपड्याने पुसा, दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर ठेवा आणि मगच डबीत घाला. एवढं सातत्याने केलं तर टिकल्या बॅटरीपेक्षा जास्त जगतात.

डाग पडलाच असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९० टक्क्यांच्या वरचं. दुकानात 'आयपीए' म्हटलं की कळतं. कानकाडीचं टोक जेमतेम ओलं करा, थेंब गळता कामा नये. टिकल्यांवरून दहा-पंधरा वेळा फिरवा. डबीतली प्रत्येक पिन टूथपिकने दाबून सोडा. जी वर येत नाही ती अडकलेली. तिच्यावर कानकाडी टेकवून पाच-सहा वेळा दाबा-सोडा. दहा मिनिटं सुकू द्या. काळा थर निघत नसेल तर पेन्सिलचा साधा खोडरबर हलक्या हाताने चालवा. पॉलिशपेपर नको, उरलंसुरलं सोनं तोच काढतो. कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली घरात पडून असली तरी ती वापरू नका. त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं.

टिकली आणि पिन भिडत नसल्याची खूण अगदी ठरलेली आहे. फोन वाजतो, तुम्ही उचलता, आणि समोरच्याचा आवाजच येत नाही, कारण तो बॅगेतल्या डबीत बोलतोय. डबीत ५ व्होल्ट मिळेनासे झाले की बडला वाटतं आपल्याला बाहेर काढलं. तो चालू होतो आणि फोनला जाऊन चिकटतो. डबीची बॅटरी पूर्ण उतरली तरी हेच होतं. झाकण बंद करताना बोटाने बड किंचित दाबून बघा. दाबल्यावर दिवा लागत असेल तर बॅटरी ठीक आहे, दोष संपर्काचा आहे. कधी कधी कारण फारच साधं असतं: बाजारातून आणलेले बडच्या तोंडावरचे रबर मूळच्या रबरापेक्षा दोन मिलिमीटर लांब असतात, झाकण त्यांना टेकतं आणि बड वर उचलला जातो. नवीन रबर घेताना कानात बसतात का एवढंच बघून चालत नाही, डबीत बसतात का तेही बघायचं.

एकाच कानात आवाज

आधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन डाव्या-उजव्याचा तोल मध्यावर आहे ना ते बघा. चुकून सरकलेला असतो. मग आवाज कमी असलेला बड दुसऱ्या कानाला नुसता टेकवा. तिथेही कमीच असेल तर दोष बडचा. तिथे व्यवस्थित ऐकू आलं तर दोष कानाचा, म्हणजे मळ किंवा आणखी काही, आणि त्यासाठी डॉक्टर आहेत.

बडच्या जाळीत मळ बसला असेल तर रबर काढा, जाळीचं तोंड खाली धरा आणि मऊ कोरड्या ब्रशने झाडा. मग चिकटपट्टी जाळीवर दाबून उचला, चार-पाच वेळा. सुई घालू नका. जाळी नुसती डिंकावर बसवलेली असते. ती आत गेली की मळ थेट ड्रायव्हरवर पडतो.

एक बड पूर्ण मुका असेल आणि फोनच्या यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसत असतील तर दोन बड्सची आपसातली ओळख तुटलीय. दोन्ही नोंदी काढून टाका. फोनचं ब्लूटूथ बंद करा, आणि लॅपटॉपचंही. ही पायरी लोक गाळतात आणि मग रीसेट चालू असतानाच फोन एक बड पळवून नेतो. बड्स दहा सेकंद डबीत ठेवा, दोन्ही एकदम बाहेर काढा आणि दोन्हींचा टच भाग एकाच वेळी दहा सेकंद दाबून धरा. काही मॉडेलला पाच टॅप लागतात, ते माहितीपत्रकात असतं. एकाचा दिवा विझला आणि दुसऱ्याचा लुकलुकत राहिला की जुळले. आता फोनचं ब्लूटूथ चालू करा.

बॅटरी आणि बिल

एवढ्या चिमुकल्या लिथियम बॅटऱ्या ३०० ते ५०० चार्जनंतर ८० टक्क्यांवर येतात. रोज वापर असेल तर हे वर्ष-दीड वर्षात होतं. कॉलचा माइक ज्या बडमध्ये चालतो तो आधी थकतो, म्हणून एका कानाने बोलायची सवय असेल तर बड आलटून पालटून वापरा. बॅटरी बदलता येते का? तत्त्वतः हो. गोल बडमध्ये बहुधा बटणासारखी बॅटरी असते आणि तिच्यावर १२५४ असा आकडा असला तर व्यास १२ मिलिमीटर, जाडी ५.४. पण कवच चिकटवलेलं असतं, पातं जरा खोल गेलं तर बॅटरीला भोक पडतं, आणि झाळायला पट्ट्या जोडलेलीच बॅटरी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघायला हरकत नाही. मात्र हजाराच्या जोडीवर मजुरी घालणं पटण्यासारखं नाही. फुगलेला बड कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

दोन-तीन महिने वापरणार नसाल तर डबी अर्धी भरून ठेवा. पार उतरलेली बॅटरी संरक्षण सर्किटमुळे पुन्हा सहजी जागी होत नाही. दिवा लागला नाही तरी दोन-तीन तास चार्जिंगला लावून बघा, काही वेळा ती उठते.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो: 'आर' आणि पुढे आठ आकडे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर त्याच दिवशी परत करा. बिल जपून ठेवा, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. या किमतीत दुरुस्ती फारशी होत नाही, दुसरी जोडी हातात ठेवतात. एकच बड हरवला तर तो सुटा मिळेल अशी आशा ठेवू नका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इतकं सगळं वाचूनही हजार-बाराशेच खर्चायचे असतील आणि कॉल जास्त असतील, तर नेकबँड घ्या. दिसायला जुनाट वाटतो, पण १५० ते २५० एमएएचची एकच बॅटरी, डबी नाही, टिकल्या नाहीत, दोन बड्सची आपसातली भांडणं नाहीत. बऱ्याच नेकबँडांत माइक गळ्यापाशी येतो, आणि कानातून निसटला तरी तो रुळांवर पडत नाही. त्याची एकच खोड: मानेच्या घामाने बटणांवरचं रबर वर्षभरात चिकट होऊन सुटतं. सुटलं तर सुटू द्या, खालचं बटण नखाने दाबता येतं.